गॅलरीतले ठोकळे

शंभरपर्यंत अंक माझी लेक घडाघडा म्हणायची. पाहुणे आले की आम्ही तिला पुढे उभी करायचो, ती एका दमात सगळं म्हणून टाकायची आणि पाहुणे टाळ्या वाजवायचे. पहिलीत गेल्यावर एकदा मी तिला सहज म्हटलं, जा गं, सात वाट्या घेऊन ये. ती कवेत मावतील तेवढ्या वाट्या घेऊन आली. माझं डोकंच फिरलं. म्हणजे ही सगळी पोपटपंची होती तर! त्याच दिवशी शेजारची शिकवणी बंद केली आणि जाहीर केलं की गणित आता मी घरी शिकवणार, हातात वस्तू देऊन, अगदी पहिल्यापासून.

घरात ऐकायला होतं तरी कोण? नवरा एमआयडीसीत कारखान्यात, बहुतेक वेळा दुसऱ्या पाळीला. मी ऑफिसातून गाडीवर जुळे सोलापूरला घरी पोचायची तेव्हा ऊन कलायला लागलेलं असायचं. फ्लॅटवर लेक आणि सासू. सासू म्हणजे माझी सख्खी आत्या, वडिलांची थोरली बहीण. आमच्याकडे मामाची मुलगी हक्काची, त्यामुळे मी आत्याच्या घरी जाणार हे मी परकर नेसायची तेव्हापासून ठरलेलं. लग्नानंतरही मी तिला आत्याच म्हणते, अगंतुगं करते आणि मन लावून भांडते.

"ठोकळं कशाला आनायचं इकत?" आत्या म्हणाली. "चिंचोकं हायत की डब्यात. आमी त्यावरच शिकलो."

"तू कुठं शिकलीस? तुला सही येत नाही," मी म्हटलं.

"सही न्हाय येत. पन मोजून बघ मला, एक दाना चुकनार न्हाय."

बरं, म्हटलं, चिंचोक्यांनी सुरुवात करू. सोलापूरचा उन्हाळा काय असतो ते मी सांगायला नको. संध्याकाळी घरात भिंती तापलेल्या, पंखा गरम वारा फेकायचा, म्हणून आम्ही तिघी गॅलरीत बसायचो. दिवा लावला की पाखरं अंगावर येतात, म्हणून दिवा बंद. आकाशात उजेड असतोच की बऱ्याच वेळापर्यंत. फरशीवर चिंचोके मांडले आणि म्हटलं, मोज.

पहिली काही मिनिटं छान मोजले तिने. मग उजेड उतरायला लागला तसं तिचं चुकायला लागलं. समोरचे मोजायची, बाजूला घरंगळलेले सोडून द्यायची. मी म्हणायची, "अगं ते काय, तुझ्या गुडघ्यापाशी!" तर ती तळहात फरशीवर फिरवायची, झाडल्यासारखा, आणि हाताला लागला की खूश व्हायची. मला हसू आलं. मग राग आला. लक्ष नाही म्हणजे नाही या पोरीचं.

मी तेव्हा फोनवर एका बाईंचे व्हिडिओ बघायची. घरी गणित कसं शिकवावं यावर त्या फार गोड बोलायच्या. त्या म्हणायच्या की ठोकळे निवडताना मुलाच्या हाताला काय आवडतं ते बघा, तुमच्या डोळ्याला काय आवडतं ते नको. मला ते एकदम पटलं. चिंचोके सारखे निसटतात, सगळे एका रंगाचे, मूल कंटाळणारच. रविवारी लेकीला घेऊन नवी पेठेत गेले.

दुकानदाराने काउंटरवर तीन प्रकार मांडले. एक लाकडी रंगीत चौकोनी ठोकळे, गुळगुळीत. दुसरे प्लॅस्टिकचे, एकमेकांत खटकन बसणारे, वर एक बोंडूक आणि खाली खाच. तिसरा संच म्हणजे खरा शाळेतला: सुटा ठोकळा म्हणजे एकक, दहांची जोडलेली कांडी म्हणजे दशक, आणि शंभराची चौकोनी पाटी. बोराच्या बीएवढे बारीक ठोकळे, पण काय सुबक! माझा जीवच जडला त्याच्यावर. एकक, दशक, शतक डोळ्यांसमोर उभं राहतं.

लेक मात्र दुसऱ्यालाच चिकटली. दुकान आत लांबवर गेलेलं, मागच्या बाजूला एकच मिणमिणता दिवा. तिने ठोकळ्यांकडे बघितलंच नाही फारसं. मान वर, नजर कुठेतरी, आणि बोटं त्या बोंडकांवरून फिरतायत. "आई, हे. हे मला मोजता येतात."

"बघा मॅडम," दुकानदार म्हणाला, "हातानं शिकनारी पोरगी हाय तुमची. लई हुशार निगनार."

मी फुलून गेले. आणि तरीही माझ्या आवडीचा तो बारीक संच घेऊन आले. म्हटलं, सवय होईल.

सवय कसली होतेय! गॅलरीत पहिल्याच संध्याकाळी निम्मे ठोकळे सांडले, आणि तिला एकही सापडेना. दोन्ही हातांनी फरशी चाचपत ती रांगत होती. कठड्याच्या जाळीतून काही खाली पार्किंगमध्ये गेले. मी ओरडले. ती रडली. म्हणाली, "आई, लाईट लाव की."

"पाखरं येतात," मी म्हटलं. "आणि एवढा ढळढळीत उजेड आहे. नाटकं करू नकोस."

आत्या कोपऱ्यात खुर्चीत बसली होती. नेहमी अशा वेळी ती नातीची बाजू घेऊन माझ्याशी भांडते. त्या दिवशी ती गप्प होती. फरशीवर फिरणाऱ्या त्या छोट्या हातांकडे बघत होती नुसती. मला तेव्हा वाटलं, चला, एकदाचं म्हातारीला पटलं माझं.

पुढच्या रविवारी संच बदलून ते खटकन बसणारे ठोकळे आणले. ते जोडलेले असले की ती अंगठ्याने बोंडकं दाबत बरोबर मोजायची, एकही चूक नाही. सुटे केले की गडबड. मग मी रंगांवर घेतलं. "लाल किती ते सांग." ती म्हणाली, "लाल कुठला?" समोर तर ढीग पडलेला. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, रंग ओळखता येत नसतील तिला, असतं काही मुलांना. सकाळी शाळेच्या आधी ठोकळे पुढे टाकले. लाल, पिवळा, हिरवा, जांभळा, सगळे पटापट उचलून दिले तिने. मोजलेही बरोबर. मग बुटांचे बंद बांधून शाळेत पळाली.

शाळेत बाईंना भेटले. त्या म्हणाल्या, "अहो वर्गात तर फार छान करते. मण्यांच्या पाटीवर बेरीजसुद्धा येते तिला." मला बरं वाटायला हवं होतं. पण घरी येताना गाडीवर मी हिशेब मांडत राहिले. सकाळी येतं, शाळेत येतं, फक्त माझ्यासमोरच येत नाही. म्हणजे ही मला घाबरते का? मीच हिचं गणित नासवतेय का? आईला सुचतात तेवढे सगळे वाईट विचार मला त्या रस्त्यात सुचले, आणि त्यातला एकही खरा नव्हता.

मग ते लॉनवरचं लग्न झालं. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या मुलीचं, विजापूर रोडला. मुहूर्त गोरज. स्टेजवर दिव्यांचा लखलखाट आणि आम्ही बसलेलो तिथे, मागे, झाडांखाली अंधुक. मी पाणी घेऊन येते म्हणून उठले. परत आले तर माझी लेक एका अनोळखी बाईचा पदर घट्ट धरून उभी होती आणि तिला सांगत होती, "आई, मला भूक लागली. आई, चल की." ती बाई हसत होती, आजूबाजूचे हसत होते. बाईची साडी निळी, माझी भगवी. उंचीतही वीतभर फरक. मी हाक मारली तशी लेकीने आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि हात पुढे केले. तिची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली होती. हसणाऱ्या त्या बायकांमध्ये मी तिला उचलून छातीशी धरली आणि न जेवता घरी आणली.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, गर्दीत घाबरली असेल. मला ते पटलं, कारण मला पटवूनच घ्यायचं होतं. पण त्यानंतर मी तिच्यावर लक्ष ठेवायला लागले आणि मला दिसायला लागलं. जिना उतरताना ती पाय आधी हवेत चाचपते. दिवेलागणीनंतर भिंतीला हात लावून चालते. खाली खेळणाऱ्या मुली आरडाओरडा करत पळतात आणि ही कट्ट्याला धरून उभी राहते. हे सगळं आधीही होतं. मी म्हणायची, भित्री आहे झालं.

आणि तेवढ्यात आत्याने परात आणली. मी ऑफिसातून आले तर गॅलरीत लेक पितळी परातीपुढे मांडी घालून बसलेली. ठोकळे परातीत. परातीला काठ, त्यामुळे एकही ठोकळा बाहेर जात नव्हता. ती डाव्या हाताने काठ धरून उजव्या हाताने एकेक मोजून बाजूच्या डब्यात टाकत होती. चांगलं अंधारून आलं होतं. सगळे बरोबर मोजले तिने. मला म्हणाली, "आजीनं शिकवलं."

मी आधी चिडलेच. माझ्या पद्धतीत हिने कशाला ढवळाढवळ करावी? तोंड उघडलं आणि परातीच्या काठाकडे लक्ष गेलं. मी दोन महिने ठोकळे बदलत होते. चिंचोके, बारीक, मोठे, प्लॅस्टिकचे, रंगीत. आणि ही अडाणी म्हातारी ठोकळ्यांना हातही न लावता फक्त त्यांना काठ घालून मोकळी झाली. हिला कसं सुचलं? नाही, सुचलं नव्हतंच. हिला हे आधीपासून येत होतं.

लेकीला आत टीव्हीपुढे बसवलं आणि गॅलरीचं दार लावून घेतलं. "आत्या, परात का आणलीस?"

"सांडू नयेत म्हनून."

"आत्या, मी तुझ्या भावाची लेक आहे. माझ्याशी खोटं बोलू नकोस. परात का आणलीस?"

तिने पदराने परातीचा काठ पुसला. मग म्हणाली, "आप्पास्नी आसंच द्यायचो आमी. परातीत. पान, सुपारी, चुना, सगळं."

आप्पा म्हणजे तिचे वडील, माझे आजोबा. अक्कलकोटकडच्या आमच्या गावात त्यांचा दरारा मी लहानपणी पाहिलेला. दिवे लागले की घरातलं कुणी जागेवरून उठायचं नाही, ही त्यांची शिस्त. ताट त्यांच्या गुडघ्याला टेकेपर्यंत सरकवायचं. वाटेत तांब्या, पाट, काही ठेवायचं नाही. बाहेरचं कुणी संध्याकाळी आलं तर आजी दारातूनच सांगायची, मालक जपाला बसलेत. आम्ही नातवंडं मान खाली घालून गप्प बसायचो आणि आम्हाला वाटायचं, काय धाक आहे, काय घराणं आहे! मी माझ्या मैत्रिणींना हे मिरवून सांगितलेलं आहे.

"दिवं लागलं की त्यास्नी दिसत न्हवतं," आत्या म्हणाली. "मागनं मागनं तर दिवसाबी न्हाय. समोर नळीतनं बघितल्यागत तेवढंच. कुनाला सांगायचं न्हाय, आईनं शपथ घातली हुती. आमी तिगी बहिनी लगनाच्या. कळलं आसतं तर कुनी केल्या आसत्या?"

"आणि मला का करून घेतलीस?"

"त्यासाठनंच की गं," ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात, भाजी का निवडली ते सांगितल्यासारखं. "बाहेरची आनली आसती तर उद्या काय उद्भवलं आसतं की गावभर बोंब. घरातली पोरगी घरात. बाहेर कळायला नको."

बाहेर कळायला नको म्हणून घरातली घरात. मी कठड्याला धरून उभी होते. एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो कुणावर काढायचा तेच कळेना. समोर माझ्या बापाची बहीण बसली होती, माझ्यासारखंच नाक, माझ्यासारखेच हात. आतून टीव्हीवरचं कार्टून आणि लेकीचं खिदळणं ऐकू येत होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दुसऱ्याच दिवशी गेलो, तिघं. थेंब घातले, अंधाऱ्या खोलीत नेलं, बारीक उजेड डोळ्यांत मारून बघितलं. मग तिला बापाबरोबर बाहेर बसवून त्यांनी मला विचारलं, "तुमचं लग्न नात्यातलं आहे का?" मी म्हटलं, आतेभाऊ. त्यांनी फक्त मान हलवली, आणि ती मान हलवणं मला थोबाडीत मारल्यासारखं लागलं. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा आजार आहे, म्हणाले. आधी अंधारातलं जातं, मग कडेकडेनं. सावकाश जातं. किती सावकाश, ते आज कुणी सांगू शकत नाही. पक्क्या तपासणीसाठी हैदराबादला जा. औषध? सध्या तरी नाही. दिवसा तिला दिसतंय, शाळा चालू ठेवा, पुढे बसवायला सांगा, आणि घरात भरपूर उजेड ठेवा.

भरपूर उजेड. मी बाहेर आले तर लेक काळा चष्मा लावून बापाच्या मांडीवर ऐटीत बसली होती.

नवरा दोन दिवस कुणाशी बोलला नाही. आईशी तर नाहीच. आत्या मात्र बोलायला लागली. सतत माझ्या मागे मागे. "शाळंत सांगू नकोस. शेजारी तर आजाबात नको. पोरीची जात हाय."

"आत्या, बाईंना सांगावंच लागेल. पुढे बसवायचंय तिला."

"चष्मा हाय म्हनून सांग की. लोकं काय इचारत बसत न्हाईत." आणि मग, भाकरी थापता थापता, मान वर न करता ती म्हणाली, "तू काय काळजी करू नकोस. माज्या लेकीचा ल्योक हाय की. मामाची पोरगी, हक्काची. त्यो करून घील हिला. माज्या लेकीला मी सांगती. घरातल्या घरात, कुनाला काय कळनार हाय?"

पोर सात वर्षांची, आणि हिने तिचं लग्न ठरवलंसुद्धा. त्याच घरात. आणि तिच्या चेहऱ्यावर जरासुद्धा वाईटपणा नव्हता. माया होती. तिला खरंच वाटत होतं की ती माझ्या लेकीला वाचवतेय. आप्पांची लेक, आप्पांच्या बायकोने शिकवलेलं तेच पुढे देत होती, ताट गुडघ्यापर्यंत सरकवावं तसं. मला तिची भीती वाटली. आजाराची वाटली त्याहून जास्त, खरं सांगते.

संध्याकाळी वीज गेली. उन्हाळ्यात जातेच. घरात गुदमरायला लागलं म्हणून आम्ही तिघी गॅलरीत आलो. लेक माझा हात धरून आली आणि मांडीला मांडी लावून बसली. समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर कुणीतरी वाळवण उचलत होतं. आकाश अजून राखाडी होतं. मी मनाशी ठरवलं, आता, वीज येण्याआधीच. उद्यावर ढकललं तर माझी जीभ पण आत्यासारखी वळायला लागेल.

"सांगू नकोस गं," आत्या पुटपुटली. तिला माझ्या बसण्यावरूनच कळलं असणार.

"बाळा," मी म्हटलं, "डॉक्टरकाकांनी काय सांगितलं माहितीये? तुझ्या डोळ्यांना अंधारात दिसत नाही. म्हणून तुला हाताने शोधावं लागतं. तू वेंधळी नाहीस, भित्री नाहीस. तुझे डोळे तसे आहेत."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तिला काहीतरी कळत नव्हतं. कपाळाला आठी घालून ती विचार करत होती.

"अंधारात कुणालाच दिसत नाही ना?" ती म्हणाली.

"थोडं थोडं दिसतं गं. आम्हाला दिसतं."

"आत्ता पण?"

"हो."

"तुला मी दिसते आत्ता?"

"दिसतेस की."

"बाबाला पण दिसतं? खालच्या मुलींना पण?" तिचा आवाज बारीक होत चालला होता. मग ती आत्याच्या खुर्चीकडे वळली, नेमकी नाही, जरा बाजूला, कठड्याच्या कोपऱ्याकडे तोंड करून तिने विचारलं, "आजी, तुला पण?"

लेक तशीच वाट बघत राहिली, त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत.

"व्हय," शेवटी आत्या म्हणाली.

"सगळ्यांना दिसतं," माझी लेक म्हणाली. "मग मला कुणी सांगितलं का नाही?"